हिच्या मासोळ्यांचे जंत

मी आणि माझ्या बायकोनं सोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे एका मासोळीचं बूड पाहणं. लोकांची शेवटची कामं चांगली असतात असं ऐकतो. कोणी देवळात जाऊन आलेलं असतं, कोणी हातात हात घेऊन बसलेलं असतं. आम्ही दोघं संध्याकाळी काचेच्या टाकीपुढं उकिडवे बसलो होतो. माझ्या हातात बॅटरी होती आणि ही चष्मा कपाळावर चढवून काचेला नाक लावून पाहत होती.

"नीट धरा ना जी," ही म्हणाली. "मासोळीवर धरा. माह्यावर काहून धरून राह्यले?"

"थे हालते."

"मासोळी हाय थे. हालनच."

टाकीत गप्पी मासे होते. बोटाच्या एका पेराएवढी मासोळी, त्यात आणखी पाहायचं काय, असं माझं मत. पण ही बोट दाखवत होती ती त्यातली सगळ्यात मोठी मादी. अंग राखाडी, शेपूट नारिंगी. तिच्या पोटाखाली, जिथून ती घाण करते तिथून, लाल धाग्याची दोन-तीन टोकं बाहेर आली होती. मासोळी जागेवर थांबली की टोकं बाहेर यायची, पळाली की आत जायची.

"पिल्लं देऊन राह्यली का?" मी विचारलं. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, एवढं मला हिच्यामुळं माहीत होतं.

"पिल्लाले डोळे असते," ही म्हणाली. "याले कुठं डोळे हाय? जंत हाय हे."

"मासोळीले जंत?"

"पोट हाय त जंत होते. तुमाले नव्हते का झाले?"

मला झाले होते. तो विषय मी वाढवला नाही. हिनं जन्मभर बकऱ्या पाळल्या, आमची लेकरं वाढवली, शेजारची पण अर्धीअधिक वाढवली. जंत या विषयात हिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

"उद्या जनावराच्या दवाखान्यातून दवाई आणजा," असं म्हणून हिनं माझ्या हातातून बॅटरी घेतली, सेल फुकट जळू नये म्हणून विझवली आणि भाकरी टाकायला गेली. मी खाली बसलो होतो, त्यामुळं उठायला मला वेळ लागला. तिनं हात दिला नाही. तिचे हात पिठाचे होणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडता झाडता ही पायरीवर बसली. मी बाहेर गेलो तेव्हा बसलेलीच होती, खराटा मांडीवर. डॉक्टर म्हणाला, हृदय. मी म्हणलं, काल तर चांगलं होतं. तो म्हणाला, असंच असतं काका. त्याला यापेक्षा जास्त माहीत असेल असं वाटलं होतं.

आता टाकी घरात कशी आली ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आम्ही दिग्रसला राहतो. मी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो, मशीनचे पट्टे आणि रोलर पाहायचो. अंगणात सिमेंटचं टाकं आहे. त्यात डास होऊ नये म्हणून आरोग्यवाले दरवर्षी गप्पी सोडून जायचे. ही त्यांच्याकडं पाहत बसायची. मुलगा नागपूरला नोकरीला लागला, तिकडंच घर केलं, आणि आईला वाईट वाटू नये म्हणून एका दिवाळीला काचेची टाकी घेऊन आला. सोबत रंगीत गप्पी, हवेचं मशीन, वाळू, सगळं.

"म्हंजे मानसाच्या बदल्यात मासोळ्या," ही त्याला म्हणाली.

"तसं नाई ना आई."

"मासोळ्या बऱ्या. पान्यातच राह्यते. नागपूरले नाई जात."

नंतर तिचा त्यांच्यात जीव अडकला. मी त्यांना कधी दाणा टाकला नाही. घरात रोज दोघंच जेवतो आणि बाकी पन्नास तोंडं पाहत बसतात, हे मला जमत नव्हतं.

ही गेल्यावर घर माणसांनी भरलं. बसायला आलेल्या माणसाला काय बोलावं ते सुचत नाही. पहिले तो तिच्या फोटोकडं पाहायचा, मग माझ्याकडं, मग त्याची नजर टाकीवर जायची आणि तो सुटायचा. "मासोळ्या चांगल्या हाय," म्हणायचा. मी म्हणायचो, हो. मग तो उठून डब्यातून चिमूटभर दाणे टाकायचा. हाताला काहीतरी काम पाहिजे. असे येईल त्यानं दाणे टाकले. तेरवीपर्यंत घरात चूल नीट पेटली नव्हती, पण मासोळ्या जेवढ्या तेव्हा जेवल्या तेवढ्या जन्मात जेवल्या नसतील. जंत पण जेवले असतील.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. आमच्या घराण्यात कावळा लवकर शिवत नाही. माझ्या मोठ्या भावाच्या वेळेला ऊन डोक्यावर आलं, सगळ्यांनी सगळी वचनं देऊन झाली, शेवटी त्याची मोटरसायकल विकणार नाही असं पुतण्यानं हात जोडून सांगितलं तेव्हा कुठं कावळा खाली उतरला. हिच्या पिंडापासून आम्ही धड मागं सरलो पण नव्हतो, तर कावळा आला. शिवला आणि घास घेऊन गेला. लोकांना बरं वाटलं. समाधानानं गेली म्हणाले, मन कशात अडकलं नव्हतं.

मला काही बरं वाटलं नाही. इतका संसार झाला, थोडंफार तरी अडकायला पाहिजे होतं. माझ्यात नाही तर नाही, निदान मासोळ्यांत तरी. घरी येताना मी असा हिशोब लावला की मासोळ्यांचं तिनं मला सांगून ठेवलं होतं, म्हणून ते तिच्या डोक्यावरून उतरलं होतं. आता ते माझ्या डोक्यावर होतं.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी मुलानं माझे कपडे पाहायला सुरुवात केली.

"बाबा, तुमी चाला आता माह्यासंग. इथं एकटे राहून काय करान?"

"जे करत होतो थे."

"सैपाक?"

"शिकन."

"या वयात?"

तेवढ्यात शेजारचा सलूनवाला आला. चांगला माणूस आहे, माझी दाढी तोच करतो. तो उंबऱ्यात उभा राहून टाकीकडं पाहत म्हणाला, "काका नागपूरले चालले त ही टाकी मले द्या. दुकानात ठेवतो. गिऱ्हाइकाचा टाइम जाते."

मुलगा लगेच म्हणाला, "घेऊन जा. कोनी त सांभाळनारं पायजे."

म्हणजे दोन मिनिटांत माझी पण सोय लागली आणि मासोळ्यांची पण. मला कुठं जायचं नव्हतं. या घरातली तिची आता एकच गोष्ट जिवंत होती, ती सलूनमध्ये आरशापुढं ठेवायची नव्हती. पण हे मुलाला सांगायला तोंडातून शब्द निघेना. मी म्हणलं, "द्याची नाई. जंत हाय त्याइले."

"मंग?"

"आजारी जनावर दुसऱ्याच्या दारी बांधत नसते. तुह्या मायनं आजारी बकरी कधी बजारात नेली नाई. बरी करून मंग नेली."

"बाबा, मासोळी हाय थे."

"जनावरच हाय."

सलूनवाला एक पाऊल मागं सरला. जंत टाकीतून उडी मारून त्याच्या दुकानात येतील असं त्याला वाटलं असेल. मुलाची रजा संपली होती. तो म्हणाला, "ठीक हाय. तुमी दवाई करा. मी पंधरा दिवसानं येतो. जंत गेले का टाकी याले, आन् तुमी माह्यासंग." सुनेनं माझी बॅग अर्धी भरून पलंगाखाली ठेवली.

असा तो ठराव झाला. मासोळ्या बऱ्या झाल्या तर हातच्या जाणार, नाही झाल्या तर मरणार. मी दोन दिवस यावर विचार केला. बरं न करता तसंच ठेवावं असं पण एकदा मनात आलं, पण ती मोठी मादी वाळत चालली होती. पाठ वाकली होती, पोट आत गेलं होतं. ते पाहून राहवेना. तिसऱ्या दिवशी तिला लोणच्याच्या बरणीत घेतलं, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली आणि जनावराच्या दवाखान्यात गेलो.

तिथं ओट्यावर रांग होती. माझ्यापुढं एक जण बकरी घेऊन बसला होता. त्यानं बरणीत वाकून पाहिलं.

"बुढेबुवा, भाजी लय कमी हाय."

"भाजी नाई. पेशंट हाय."

"बापा! बरनी तिकडं धरा जरा. बकरी भेऊन राह्यली माही."

मागचे दोघं हसले. मी बरणी तिकडं धरली. बकरी कशाला भीत नव्हती, ती माझा खिसा चावत होती.

डॉक्टर मॅडम वयानं लहान, बाहेरच्या जिल्ह्यातल्या. मान खाली घालून लिहीत होत्या. "जनावर कोणतं?"

"मासोळी."

"काय होतंय?"

"जंत."

"वजन?" असं म्हणून त्या थांबल्या, पेन ठेवला आणि वर पाहिलं.

"मोजलं नाई," मी म्हणलं. "काट्यावर ठेवली असती, पन थे थांबत नाई."

मी बरणी टेबलावर ठेवली. त्यांनी मोबाइलचा उजेड लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "आहेत. रक्त पितात, म्हणून लाल दिसतात. कॉलेजात शिकवलं होतं मासोळ्यांचं, पण दवाखान्यात आजपर्यंत कोणी आणली नव्हती. कोणी ओळखले जंत?"

"घरच्यांनी."

"हुशार आहेत. पुढच्या वेळी त्यांनाच पाठवा."

मी हो म्हणलं. त्यांना काय सांगत बसायचं. रांग मोठी होती.

औषध बकरीचंच, पातळ, बाटलीतलं. पण बकरीसारखं तोंडात पाजायचं नाही, टाकीच्या पाण्यात टाकायचं. म्हणून मासोळीचं वजन नको, पाण्याचं माप पाहिजे, असं मॅडमनी समजावलं.

"टाकीत पाणी किती बसतं?"

"चार गुंड."

"गुंड म्हणजे केवढा?"

"आमच्या घरी कमरेवर घेऊन येते तेवढा."

त्यांनी लांबी-रुंदी विचारली. ते मला इंचात पाठ होतं, फिटर माणूस आहे. पाणी कुठपर्यंत भरतो ते पण सांगितलं. त्यांनी कागदावर गुणाकार केला आणि एका सिरिंजवर पेनानं रेघ मारून दिली. एवढंच, रेघेच्या वर एक थेंब नाही. मग एकेक सांगत गेल्या. आदल्या दिवशी खायला द्यायचं नाही. हवेच्या मशीनमध्ये काळा कोळसा असला तर काढून ठेवायचा, तो औषध ओढून घेतो. औषध टाकलं की टाकी झाकायची, उजेडानं औषधाचा जोर जातो. दुसऱ्या दिवशी तळाची घाण नळीनं ओढून घ्यायची.

"हे जंत औषधानं लगेच मरत नाहीत, आजोबा. सुन्न होऊन खाली पडतात. तसेच राहू दिले तर मासोळ्या उचलून खातील आणि पुन्हा तेच. आणि तीन आठवड्यांनी हेच सगळं परत एकदा करायचं. पोटात लहान उरलेले असतात."

मी सगळं ध्यानात ठेवलं. पण घरी येता येता मला वाटलं की मॅडम एक गोष्ट विसरल्या. त्यांनी गुळाचं काही सांगितलं नाही.

आमच्याकडं जंताचं औषध कधी नुसतं दिलं जात नाही. ही लेकरांना रात्री गुळाचा खडा द्यायची. गोडाच्या वासानं जंत पोटात एका जागी गोळा होतात आणि सकाळी कडू औषध गेलं की सगळे एकदम सापडतात, असं ती सांगायची. बकऱ्यांना पण गूळ. मला पण गूळ दिला होता. मला तर गुण आला होता. मॅडमचं लग्न होऊन दोन-चार वर्षं झाली असतील, लेकरं लहान, त्यांना हे कुठून माहीत असणार.

म्हणून संध्याकाळी मी डब्यातून चांगला लिंबाएवढा गुळाचा खडा काढला, फडक्यात बांधून फोडला आणि टाकीत टाकला. मासोळ्या त्याच्याभोवती फिरल्या. आता गोळा होत असतील, असं म्हणून मी झोपलो.

सकाळी टाकीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं होतं. वास येत होता. सगळ्या मासोळ्या वर येऊन पाण्याबाहेर तोंडं काढून आ-आ करत होत्या. चार उलट्या झाल्या होत्या. मोठी मादी कोपऱ्यात हवेच्या नळीला टेकून उभी होती.

मी शेजारी ओरडलो. सलूनवाला एका गिऱ्हाइकाचा अर्धा गाल सोडून पळत आला, हाताला साबण तसाच.

"काका, काय झालं?"

"गूळ टाकला रातच्याले."

"गूळ? मासोळीच्या टाकीत? कोनं सांगतलं टाकाले?"

"हिनं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, फोटोकडं पाहिलं. मग म्हणाला, "बसा तुमी. मी पानी आनतो."

"नळाचं नोको. ब्लीचिंग असते त्यात. अंगनातल्या टाक्यातलं आन. आन् हात धू पहिले."

त्यानं हात धुतले. मी नळीनं जुनं पाणी काढत होतो, तो नवं आणत होता. त्याचं गिऱ्हाईक पण एका गालाला साबण लावून आलं आणि दारात उभं राहून सांगू लागलं की त्याच्या साळ्यानं टाकीत हळद टाकली होती. मी त्याला विचारलं, मंग काय झालं. तो म्हणाला, सगळ्या मेल्या. मग त्यालाही एक बादली दिली.

अर्ध्याच्या वर पाणी बदलल्यावर मासोळ्या हळूहळू खाली उतरल्या. मेलेल्या चार मी कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरल्या. मोठी मादी जगली. दिवसभर मी तिच्यापुढं बसलो. ती माझ्याकडं पाहत होती असं म्हणणार नाही, मासोळीचे डोळे दोन्हीकडं असतात, ती कुठं पाहते ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दवाखान्यात गेलो आणि मॅडमना खरं ते सांगितलं. त्यांनी पहिले तोंडावर रुमाल धरला. मग रुमाल काढून चांगल्या हसल्या. मग माफी मागितली.

"आजोबा, गुळानं जंत गोळा-बिळा होत नाहीत. औषध कडू असतं, लेकरं थुंकतात. गूळ दाखवला की तोंड उघडतात. आमची आजी पण द्यायची. एवढंच असतं ते."

"थे म्हने, वासानं येते."

"लेकरांना तसंच सांगावं लागतं."

घरी येताना मी याचाच विचार करत होतो. म्हणजे हिला हे माहीत होतं आणि ती लेकरांना रचून सांगत होती, की तिला पण तसंच खरं वाटत होतं? लेकरांना रचून सांगितलं ते ठीक. पण मला पण तसंच सांगितलं होतं, आणि मी तेव्हा मिशा असलेला माणूस होतो. गुळासाठीच मी तोंड उघडलं होतं का, हे आता विचारायची सोय नाही. असे बारीक बारीक प्रश्न पुष्कळ राहिले. मोठे एकही नाही. मोठे आम्ही कधी एकमेकांना विचारलेच नव्हते.

मॅडमनी सांगितलं होतं, पाणी निवळू द्या, मासोळ्या नीट खायला लागू द्या, मग औषध टाका. तसे काही दिवस गेले. मी रोज थोडंथोडं पाणी बदललं. दाणे मीच टाकत होतो. पहिल्या दिवशी जास्त पडले, दुसऱ्या दिवशी कमी, मग अंदाज आला. दाणे टाकताना त्या सगळ्या वर येतात आणि पाण्याचा बुडबुड असा आवाज होतो. तो आवाज मी इतकी वर्षं आतल्या खोलीतून ऐकत होतो आणि ही टाकीशी बोलते असं समजत होतो. बोलत पण असेल.

मुलाचा फोन आला. "बाबा, परवा सकाळी पोहोचतो. जंताचं काय झालं?"

"उद्या टाकतो दवाई."

"अजून टाकली नाई? काहून?"

"मधात गूळ झाला."

"काय झाला?"

"ये मंग सांगतो."

दुसऱ्या दिवशी मासोळ्यांना उपाशी ठेवून झालं होतं. मशीनमधला कोळसा काढला. सिरिंज रेघेपर्यंत भरली, उजेडात धरून पाहिली, एक थेंब जास्त वाटला तो परत बाटलीत सोडला. औषध एका लोट्यात कालवून टाकीत चारी कोपऱ्यांनी ओतलं. मग टाकी झाकायची होती. हिचं लुगडं टाकावं असं मनात आलं, पण लुगड्यातून उजेड येतो. जिनिंगमधून आणलेला बारदाना होता, त्याची दुहेरी घडी टाकली. काही दिसेनासं झालं. आत नुसतं मशीन बुडबुडत होतं.

सलूनवाला दुपारी डोकावला. "काका, दिसून राह्यलं का काही?"

"नाई."

"मंग काय पाहून राह्यले?"

"बारदाना."

तो पण जरा वेळ बसला आणि दोघांनी बारदाना पाहिला. मग त्यानं विचारलं, "खरं सांगा काका, बऱ्या झाल्या त मले देसान ना?" मी म्हणलं, "आधी बऱ्या त होऊ दे." तो म्हणाला, "मी जागा करून ठेवली. आरशाच्या बाजूनं." मला त्याचं वाईट वाटलं. गुळाच्या दिवशी त्यानं पंधरा बादल्या तरी आणल्या असतील.

त्या रात्री मी पलंगाखालची अर्धी भरलेली बॅग बाहेर ओढली. वर माझे दोन सदरे, स्वेटर, औषधाच्या गोळ्या. सुनेनं चांगली लावली होती. मी ती पुन्हा आत सरकवली. मासोळ्या मेल्या तर जायचं, असं ठरवलं. मेलेल्या टाकीजवळ बसून मी काय करणार. पण जगल्या तर काय, ते काही ठरेना. जगल्या तरी जायचंच होतं, शब्द दिला होता.

सकाळी उजाडल्यावर बारदाना काढला. तळाच्या वाळूवर लाल धागे पडले होते. काही नुसते, काही वेटोळे करून, एखादा बारीक हालत होता. मी मोजले नाहीत, पुष्कळ होते. मासोळ्या फिरत होत्या. मोठी मादी मधात उभी होती. मी बॅटरी लावून तिच्या पोटाखाली पाहिलं. ती थांबली तरी काही बाहेर आलं नाही. आणखी थोडा वेळ पाहिलं. नाही आलं.

मग नळी घेतली. एक टोक टाकीत तळाशी, दुसरं टोक तोंडात धरून ओढायचं, पाणी आलं की बादलीत सोडायचं. तोंडात थोडं जातंच. जंत असतील तर असतील, औषध पण त्याच पाण्यात होतं. मी ओढत होतो तेवढ्यात मुलगा दारात आला. रात्रीच्या गाडीनं आला होता, डोळे लाल.

"बाबा, आवरलं नाई अजून? अन् हे काय करून राह्यले? थुका पहिले!"

तोंडात नळी होती, मी ओढत राहिलो.

"जंत गेले का?"

मी मान हलवली.

"मंग झालं. मी बाजूच्याले सांगतो टाकी घेऊन जा म्हनून. आपली गाडी दुपारची हाय."

पाणी सुरू झालं. मी नळी बादलीत सोडली, अंगणात जाऊन थुंकलो, चूळ भरली आणि परत आत आलो. "त्याले काही सांगू नोको. टाकी देत नाई मी. आन् येत बी नाई."

"काहून? तुमीच त म्हनले होते, आजारी हाय म्हनून देत नाई. आता बऱ्या झाल्या ना?"

"तवा खोटं बोललो. म्हंजे आजारी होत्या, थे खरं. पन बऱ्या झाल्या का देतो, थे खोटं. मले द्याच्याच नव्हत्या."

"आन् एकट्यानं राहून जेवसान काय?"

"भाकरी येते आता. गोल नाई होत. पोटात गेल्यावर कोन पाह्यते."

तो पलंगावर बसला. बॅगेचा पट्टा त्याच्या पायाशी दिसत होता. तो टाकीकडं वाकला. त्याच्या आईसारखंच नाक काचेकडं गेलं होतं. मग म्हणाला, "तीन आठवड्यानं परत दवाई टाका लागते ना? मोबाइलवर वाचलं मी. दवाखान्यात तुमाले बी सांगतलं असन."

"सांगतलं."

"मी येतो तवा. नळी तोंडात घालून बसत नोका जाऊ एकटे." मग विचारलं, "बाजूच्याले कोन सांगन?"

"मीच सांगतो. पिल्लं झाले का त्याले दहा-बारा देईन. बिनजंताचे."

बादली भरली होती. ते पाणी नालीत टाकायचं नाही, नाली पुढं जाऊन नाल्याला मिळते. मी मागच्या अंगणात कढीपत्त्यापासून लांब हातभर खड्डा खोदला, बादली त्यात रिकामी केली, वरून चुना टाकला आणि माती ओढली. मुलगा फावडं मागत होता, मी दिलं नाही, त्याचे जाण्यायेण्याचे कपडे होते. मग अंगणातल्या टाक्यातून गुंड भरला, आत आणला आणि वाळू उडू नये म्हणून टाकीत एक थाळी आडवी ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी सोडत राहिलो.